वाण्याच्या दुकानापर्यंत आलेला पैसा : ठाणे-कल्याणमधला २०२० सालचा एक प्रयोग

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या नव्या, छोट्या कंपन्यांत पैसे का घालतात, हा आजचा विषय. लोक याची सुरुवात कॅलिफोर्नियापासून करतात. आपण ठाणे-बेलापूर रस्त्यापासून करू, कारण ही रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. साठच्या दशकात मफतलाल समूहाने या पट्ट्यात नोसिल उभी केली, तेव्हा तिच्यात शेल ही परदेशी तेल कंपनी भागीदार होती. इथल्या कारखान्याला तंत्र हवं होतं, शेलला इथला बाजार हवा होता. नुसत्या लाभांशासाठी असे संसार थाटले जात नाहीत.

पैसा घालणारे दोन प्रकारचे असतात. एक म्हणतो, माझ्या रुपयाचे पाच करून दे, मी निघतो. दुसरा म्हणतो, रुपयाचं नंतर बघू, आधी तुझ्या दारातून मला आत जाऊ दे. या दुसऱ्याला व्यूहात्मक गुंतवणूकदार म्हणायचं. चिप बनवणाऱ्या इंटेलने १९९१ मध्ये त्यासाठी इंटेल कॅपिटल हा स्वतंत्र विभागच काढला. हिशोब सरळ होता : नव्या कंपन्यांनी नवी सॉफ्टवेअर काढली की संगणक खपतात, आणि संगणक खपले की चिप खपतात.

आता आपल्याकडे या. घणसोलीचं रिलायन्सचं संकुल आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१९ मध्ये जिओने चॅटबॉट बनवणारी मुंबईची हॅप्टिक ताब्यात घेतली. व्यवहार ७०० कोटींचा. त्यातले २३० कोटी खरेदीचे, उरलेले वाढीसाठी. भारतीय भाषांसाठी तंत्रज्ञान बनवणारी रेव्हरीही त्याच वर्षी घेतली. त्याच डिसेंबरात जिओमार्टची चाचणी सुरू झाली. कुठे? नवी मुंबई, ठाणे आणि कल्याणमध्ये.

मग २२ एप्रिल २०२०. फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. आता जिओ ही काही गॅरेजमधली कंपनी नव्हे, हे मान्य. पण फेसबुकला तिच्यात काय हवं होतं, हे बघण्यासारखं आहे. फेसबुकची फुकट इंटरनेटची योजना, फ्री बेसिक्स, फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायच्या निर्णयामुळे बंद पडली होती. व्हॉट्सॲपवरून पैसे पाठवायची सोय २०१८ पासून चाचणीतच अडकली होती. पुढे जायची परवानगी मिळाली नोव्हेंबर २०२० मध्ये. थोडक्यात, ४० कोटी भारतीयांच्या फोनवर व्हॉट्सॲप होतं, पण त्यातून धंदा उभा राहत नव्हता. स्वतःच्या नावाने दार उघडेना, म्हणून घरातल्या माणसाचा हात धरला.

घोषणेनंतर आठवड्याच्या आतच त्याचा पहिला प्रयोग याच तीन गावांत झाला. टाळेबंदी चालू होती. व्हॉट्सॲपवर एका क्रमांकाला संदेश पाठवायचा, दुवा येतो, त्यावर यादी भरायची, ती जवळच्या वाण्याकडे जाते. माल आणायला दुकानात आपणच जायचं, पैसेही तिथेच द्यायचे. दिसायला साधं काम. पण आजवर वाण्याच्या वहीत असलेली माहिती, कोणत्या घरात महिन्याला किती तेल लागतं ही, पहिल्यांदा दुसऱ्याच्या हिशोबात जाऊ लागली. मे महिन्यात जिओमार्ट २०० हून अधिक शहरांत गेलं. जुलैत गूगलनेही ३३,७३७ कोटी घातले.

यात कोणाचं काय पणाला लागलं? वाण्याला नवं गिऱ्हाईक आणि स्वस्त माल मिळण्याची आशा होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पण वाण्याला माल पोचवणाऱ्या वितरकाच्या पोटावर पाय आला. जिओमार्ट आमच्यापेक्षा कमी भावाने माल देतं, ही त्यांची तक्रार. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या उत्पादनांवर बहिष्काराचं हत्यार उपसलं, ते यावरूनच.

आणि ज्यांच्यात पैसा येतो, त्या नव्या कंपन्यांचं काय? डन्झो ही बंगळुरूची घरपोच सेवा. गूगलने भारतात थेट पैसा घातलेली ही पहिली नवी कंपनी, साल २०१७. जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्स रिटेलने २० कोटी डॉलर देऊन तिचा २५.८ टक्के हिस्सा घेतला. तिची सेवा जानेवारी २०२५ मध्ये बंद पडली. पाठीशी दोन हत्ती असले म्हणून आपलं शेत वाचतंच असं नाही. हत्ती आपापल्या वाटेने जातात.

तुमच्यापैकी कोणी डोंबिवलीत, वागळे इस्टेटमध्ये नवी कंपनी काढत असेल, तर मोठा गुंतवणूकदार आल्यावर हिस्सा किती मागतो हे विचाराच. पण त्याला आपल्याकडची कोणती वाट हवी आहे, आणि ती सापडल्यावर आपली गरज किती उरेल, हे त्याच्याही आधी विचारा. शेलच्या काळातही प्रश्न हाच होता. तेव्हा वाट कारखान्यातून जात होती, आता ती किराणा दुकानातून आणि आपल्या खिशातल्या फोनमधून जाते, एवढाच फरक.

आता प्रश्न घेऊ.