जुनी येझदी किंवा आरएक्स पुन्हा बांधताय? आधी ऑइल ठरवा, मग पॅकिंग

सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गावाकडच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी येझदी, आरएक्स १०० नाहीतर बुलेट उभी असते. काकांची, नाहीतर आजोबांची. बावधनमध्ये राहणाऱ्याला तर मोह आवरत नाही, कारण चांदणी चौकातून वळलं की भूगाव, पौड, मुळशी आणि पुढे ताम्हिणी. मग इंजिन उघडलं जातं, नाना पेठेतून गॅस्केट किट येतं आणि कोणीतरी सांगतं, "ऑइल काय, कुठलंही चालेल." इथे जरा थांबा.

गॅस्केट, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत पॅकिंग, आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या द्रवात भिजलेलं असतं. कुठलं रबर टिकेल आणि कुठलं फुगेल हे तो द्रव ठरवतो. म्हणून खरेदीचा क्रम आधी द्रव, मग सील असा ठेवा. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात लायब्ररीचं व्हर्जन आधी बघतात, तसंच हे.

पेट्रोल बदललंय, गाडी नाही

म्हैसूरच्या आयडियल जावाने येझदी बनवणं १९९६ मध्ये थांबवलं. आरएक्स १०० सुद्धा त्याच वर्षी बंद झाली. त्या काळच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेलं, भारतात २०२३ पासून पंपावर यायला लागलं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं, पेट्रोल कॉकमधलं कॉर्क खराब करतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर बनू शकतो. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त धोक्याचं, कारण टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि इंजिनात आधी जातो तो तळाचा, ऑइल नसलेला थर.

त्यामुळे पेट्रोल कॉक, फ्लोट निडल, कार्बोरेटरची ओ-रिंग आणि पेट्रोलचा पाइप या चार जागी वायटॉन रबर मागा (दुकानात एफकेएम म्हटलं तरी कळतं). इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बाजूला साधं नायट्राइल पुरतं. तिथे पैसे घालवू नका.

कुठल्या ऑइलचा डबा?

टू-टी ऑइलच्या डब्यावर जासो एफसी किंवा एफडी छापलेलं बघा. एफसी म्हणजे कमी धूर, एफडी म्हणजे शिवाय आतून जास्त स्वच्छ. जुन्या मॅन्युअलमधलं प्रमाण त्या काळच्या ऑइलसाठी आहे. तरी नवीन बांधलेल्या येझदीला रनिंग-इनमध्ये लिटरमागे ४० मिली, म्हणजे २५ ला १, असं सढळ ठेवलेलं बरं. थोडा धूर चालतो, जॅम झालेला पिस्टन चालत नाही.

आरएक्स १०० मध्ये ऑटोल्युब पंप असतो. पण पुष्कळ गाड्यांचा हा पंप कोणीतरी कधीच काढून टाकलेला असतो. आपल्या गाडीत तो आहे का, हे टाकी भरण्याआधी बघा. पंप असेल तर पाइपमधली हवा काढा आणि पहिल्या टाकीत थोडं टू-टी वरूनही घाला.

येझदीचा क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलमध्ये चालतात. कारचं 'मायलेज वाढवणारं' इंजिन ऑइल इथे घातलं की क्लच घसरायला लागतो, कारण त्यात घर्षण कमी करणारी रसायनं असतात. जासो एमए किंवा एमए२ घ्या. जीएल-५ गिअर ऑइलपासूनही लांब राहा. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी-काशाच्या बुशांना खाऊ शकतात.

जुन्या बुलेटचं वेगळंच. इंजिन, क्लचकेस आणि गिअरबॉक्स, तिघांचा संसार वेगळा. इंजिनाला २०डब्ल्यू५०. जुन्या अल्बियन गिअरबॉक्सला मात्र पातळ ग्रीस लागतं. त्यात पातळ ऑइल ओतलं तर ते जमिनीवर येणार, त्यात पॅकिंगचा दोष नाही.

पॅकिंग: फक्त गळतीचा प्रश्न नाही

फोर-स्ट्रोकमध्ये खराब पॅकिंग म्हणजे जमिनीवर ऑइलचा डाग. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस स्वतःच पंपाचं काम करतो. तिथे बारीक फट राहिली तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि घाटात, फुल थ्रॉटलवर, पिस्टन जॅम होतो. मागचं चाक तिथेच लॉक होतं. ताम्हिणीच्या वळणावर हे नको असेल तर ब्लॉकखालचं पॅकिंग आणि क्रँकची दोन ऑइल सील यांत काटकसर नको.

ब्लॉकखालच्या पॅकिंगची जाडी सुद्धा महत्त्वाची. जुनं फेकण्याआधी व्हर्नियरने मोजा. नवीन जाड निघालं तर ब्लॉक वर उचलला जातो, पोर्ट लवकर उघडतात, कॉम्प्रेशन कमी होतं. किटच्या पाकिटावर जाडी बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते. क्लच कव्हरचं पॅकिंग घरी शीट कापून केलं तरी हरकत नाही.

लाल किंवा काळं सिलिकॉन सगळीकडे फासायची सवय वाईट. पेट्रोल लागेल तिथे ते फुगून सुटतं आणि बुलेटमध्ये त्याचे तुकडे ऑइलच्या वाटेत अडकतात. तांब्याचे वॉशर मात्र परत वापरता येतात: मंद लाल होईपर्यंत तापवा, थंड करा, पुन्हा मऊ होतात.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते नुसतं बघून ओळखता येत नाही. कोरडं खरवडू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ऑइलने भिजवून काढा आणि पिशवीत बंद करा.

बीपी मशीनची टेस्ट

इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबरी बुचांनी बंद करा, प्लग लावा आणि एका बुचातून नळी घालून हवा भरा. घरातलं डायलवालं बीपी मशीन इथे कामाला येतं. पट्टा काढून बल्ब आणि डायल जोडायचे. २६० मिमी म्हणजे साधारण ५ पीएसआय. काटा पाच-सहा मिनिटं जागेवर राहिला पाहिजे. पडत असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. बाहेर कुठेच बुडबुडे नाहीत आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून हवा येतेय, तर क्लचकडचं ऑइल सील गेलंय. असं इंजिन चालवलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर थांबत नाही.

टेस्ट पास झाली की इंजिन दोन-तीनदा गरम करून पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला पुन्हा आवळा. नवीन पॅकिंग पहिल्या काही वेळा बसतं, नट सैल पडतात.