साखर उद्योगाचा पैसा आणि आहारसल्ला

हृदयविकार टाळायचा तर लोणी-तुपावर नियंत्रण हवे, हा सल्ला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर रुजला. साखरेविषयी मात्र तितक्या कठोरपणे बोलले जात नसे. या मौनाला साखर उद्योगाच्या पैशाचाही हातभार लागला होता, हे २०१६ मध्ये उघड झाले.

१९५०च्या दशकात अमेरिकेत हृदयविकाराने होणारे मृत्यू हा चिंतेचा विषय बनला. अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी त्याचे खापर स्निग्ध पदार्थांवर फोडले, तर ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी साखरेकडे बोट दाखवले. साखरेवरील संशय वाढू लागताच ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ या उद्योगप्रणीत संस्थेने १९६५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील आहारतज्ज्ञांकडून एक आढावा लिहवून घेण्याचे ठरवले. त्यासाठी सुमारे ६,५०० डॉलर मोजण्यात आले. संस्थेने अभ्यासासाठी काही शोधनिबंध पुरवले आणि मसुदेही पाहिले.

१९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा आढावा दोन भागांत प्रसिद्ध झाला. साखरेला दोषी धरणाऱ्या अभ्यासांतील उणिवा त्यात ठळकपणे मांडल्या होत्या. स्निग्ध पदार्थांविषयीच्या अभ्यासांना तीच कसोटी लावलेली नव्हती. साखर संस्थेच्या पैशाचा उल्लेख कुठेच नव्हता. आर्थिक हितसंबंध जाहीर करण्याचा दंडक या नियतकालिकाने १९८४ मध्ये घातला.

लेखकांपैकी मार्क हेगस्टेड १९७८ मध्ये अमेरिकी कृषी खात्यात पोषणविषयक पदावर गेले. १९८०च्या सरकारी आहारसूत्रांत साखर बेताने खाण्याचा सल्ला होता. परंतु जनमानसात ठसली ती स्निग्धाचीच भीती. ‘लो-फॅट’ पदार्थांची बाजारपेठ फोफावली आणि स्निग्धांश काढल्याने उणावलेली चव अनेकदा साखरेने भरून काढली गेली.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्रिस्टिन कर्न्स व सहकाऱ्यांनी जुना पत्रव्यवहार तपासून हे प्रकरण उजेडात आणले. मात्र त्यामुळे संपृक्त स्निग्ध पदार्थ निर्दोष ठरत नाहीत, तसेच त्या काळचे सारे संशोधन विकले गेले होते, असेही म्हणता येत नाही.

दबावाची रीत मात्र पुढेही दिसली. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाने मुक्त शर्करा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी असे सुचवताच, अमेरिकी ‘शुगर असोसिएशन’ने संघटनेचा निधी रोखण्यासाठी प्रयत्न करण्याची धमकी दिली. संघटनेने ही मर्यादा २०१५ मध्ये पुन्हा ठामपणे मांडली. आहाराचा सल्ला कोणी दिला याइतकेच, त्याचा खर्च कोणी उचलला हेही पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.