एक मॉडेल, अनेक पडदे

संकेतस्थळ मोबाइलवर नीट दिसावे म्हणून तुम्ही सीएसएसमध्ये मीडिया क्वेरी लिहिता. हा प्रश्न स्मार्टफोनपेक्षा जुना आहे, आणि त्यावर पूर्वी अगदी वेगळ्या दिशेने विचार झाला होता.

१९९९ साली बाजारात आलेल्या नोकिया ७११० या वॅप फोनचा पडदा ९६ बाय ६५ पिक्सेलचा, कृष्णधवल. त्यासाठी एचटीएमएल नव्हे, डब्ल्यूएमएल ही निराळी भाषा लागे. म्हणजे डेटाबेस एकच, पण पाने दोनदा लिहायची आणि प्रत्येक बदल दोन्हीकडे करायचा. एकीकडचा राहून जाई, हे सांगायला नकोच.

इटलीतील मिलानच्या तंत्रविद्यापीठात स्तेफानो चेरी, पिएरो फ्रातेर्नाली आणि आल्दो बोंजो यांनी २००० साली वेबएमएल ही मॉडेलिंग भाषा मांडली. माहितीची रचना एका मॉडेलमध्ये, पाने व दुवे दुसऱ्यात, दृश्य मांडणी तिसऱ्यात; या मॉडेलांवरून पानांचा कोड साधनाने तयार करायचा. यातली ‘साइट व्ह्यू’ ही कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते. ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. पुस्तक, लेखक, प्रती ही माहिती एकच. संगणकासाठीच्या व्ह्यूमध्ये शोध, यादी आणि तपशील एकाच पानावर. फोनसाठीच्या व्ह्यूमध्ये आधी शोध, मग नुसती शीर्षके, आणि एक निवडले की प्रत शिल्लक आहे का, एवढेच. येथे केवळ मांडणी बदललेली नाही. वापरणाऱ्याची वाट बदलली आहे.

२००१ मध्ये ओएमजी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने ‘मॉडेल ड्रिव्हन आर्किटेक्चर’ पुढे आणले आणि या विचाराला बळ मिळाले. उपकरणाने स्वतःची क्षमता सर्व्हरला कशी कळवावी, याचे सीसी/पीपी हे डब्ल्यूथ्रीसी मानक २००४ चे.

मग २००७ मध्ये आयफोन आला. त्यावरचा ब्राउझर संगणकासाठी लिहिलेले एचटीएमएलच दाखवू लागला आणि वेगळ्या भाषेची गरज संपत गेली. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ मांडले. मीडिया क्वेरी जून २०१२ मध्ये अधिकृत शिफारस झाली. उपकरणांच्या भाषा वेगळ्याच राहतील हा जुना अंदाज चुकला. शिवाय मॉडेल काढायला शिकावे लागे, आणि तयार झालेल्या कोडमध्ये हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या निर्मितीत पुसली जाण्याची भीती असे. साध्या सीएसएसपुढे हे जडच होते.

पण मीडिया क्वेरी पडद्याची रुंदी पाहते, काम पाहत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रकल्पांत बारा रकान्यांचा तक्ता फोनवर बहुधा ‘डिस्प्ले नन’ने लपवलेला असतो, तक्त्याचे एचटीएमएल मात्र पूर्ण उतरते, डेटा खर्च होतो आणि हवी ती गोष्ट तरीही तीन पडदे खालीच राहते.

वेबएमएलमधील कल्पना पुढे आयएफएमएल या भाषेत आल्या. तिची १.० आवृत्ती ओएमजीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या आकृतीत रंग किंवा रुंदी दाखवत नाहीत. कोणती माहिती कोठे दिसते आणि कोणत्या कृतीने पुढे काय उघडते, एवढेच दाखवतात.