रिपॅकच्या उतारावरून

कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळ एक कच्चा डोंगररस्ता आहे. दोन मैलांत तो सुमारे १३०० फूट खाली कोसळतो. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे सायकलींची पहिली शर्यत झाली. शर्यत भरवणाऱ्या चार्ली केली आणि त्याच्या मित्रांच्या जुन्या, जाड टायरच्या सायकलींना ब्रेक होता तो मागच्या हबमध्ये, पेडल उलटे दाबून लागणारा.

उतार संपेपर्यंत हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई. ते पुन्हा भरावे लागे. म्हणूनच रस्त्याचे नाव 'रिपॅक' पडले.

पुढे रिमवरचे ब्रेक आले, मग डिस्क. उष्णतेचा प्रश्न मात्र सुटला नाही, तो रोटरच्या, म्हणजे डिस्क ब्रेकच्या चकतीच्या, मापात आला. १६० मिमीऐवजी २०३ मिमीचा रोटर लावला, तर लिव्हरवरच्या तेवढ्याच जोरात सुमारे पाव पट जास्त पकड मिळते, शिवाय जादा धातू उष्णता सामावून घेतो. वजनदार स्वाराने आणि लांब उतारावर तो निवडावाच, निदान पुढच्या चाकाला. ब्रेक दाबताच भार तिकडेच झुकतो. त्याआधी फोर्कला किती मोठा रोटर चालतो, हे तपासावे.