तांबें, जस्त आणि कातडीचे रोग

नाशिकच्या तांबट-कासारांचें कसब पूर्वीपासून नांवाजलेलें आहे. १८८३ सालीं मुंबई सरकारनें प्रसिद्ध केलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरांतही येथील तांब्यापितळेच्या भांड्यांच्या धंद्याची दखल घेतलेली आढळते. आणि रामकुंडावर स्नान करून गोदावरीचें पाणी गडूंत भरून नेणाऱ्या यात्रेकरूंनीं हीं भांडीं दूरदूरच्या प्रांतांत पोंचविलीं. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिलाफ, ही गोष्ट कासाराच्या पोरालाही ठाऊक असते. परंतु हेच दोन धातु आपल्या रक्तांतही वावरत असतात, आणि ज्याच्या अंगावर कोड उठलें आहे किंवा ज्याची कातडी वर्षानुवर्षें खवले सुटून निघत आहे, त्याचें रक्त तपासतांना डॉक्टर कधीं कधीं याच दोघांचें माप घेतात, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या घरांतून कोडाच्या रोग्यास 'रात्रीं तांब्याच्या भांड्यांत ठेवलेलें पाणी पहांटे पीत जा' असा सल्ला देण्याची चाल आहे. या सल्ल्यांत तथ्य किती, याचा निवाडा करावयाचा तर थोडें मागें जावें लागतें.

कोडाचा उल्लेख आपल्याकडे फार प्राचीन आहे. अथर्ववेदाच्या पहिल्याच कांडांत 'किलास' घालविण्यासाठीं वनस्पतींना आळवणारीं सूक्तें आहेत. चरकानें श्वित्राचा विचार कुष्ठचिकित्सेच्या अध्यायांत केला आणि औषध देऊन रोग्यास उन्हांत बसविण्यास सांगितलें. पुढें बावचीचें बीं या रोगावर विशेष प्रसिद्धीस आलें. येथें मुख्य भर आहे तो वनस्पति व सूर्यप्रकाश यांवर. पाण्याच्या भांड्यावर नव्हे. ईजिप्तमध्यें अब्देल मोनेम एल मोफ्टी यांनीं १९४७-४८च्या सुमारास तिकडील एका रानटी झाडाच्या बियांतील द्रव्य आणि ऊन यांचा कोडावर एकत्र उपयोग करून दाखविला. त्याच जातीचें द्रव्य आपल्या बावचींतही आहे. औषधांत धातूंचा पसारा वाढला तो रसशास्त्राच्या काळांत. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या 'रसरत्नसमुच्चय' ग्रंथांत खापरीपासून जस्त काढण्याची कृति दिलेली आहे, आणि मेवाडांतील जावर येथें तशा भट्ट्यांचे अवशेष सांपडले आहेत.

कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हणण्याचा प्रघात मात्र फार घातक ठरला. महारोगाचा जंतु नॉर्वेच्या हॅन्सेननें १८७३ मध्यें पाहिला. कोडाशीं त्याचा कांहीं एक संबंध नाहीं आणि कोड कोणाला लागतही नाहीं. परंतु नांवाच्या सारखेपणानें भय जडलें, तें अजून सुटत नाहीं. लग्नाच्या वाटाघाटींत जी गोष्ट दडवून ठेवावी लागते, तिच्यावरील उपायही दडूनच, आणि ऐकीव माहितीवर, केले जातात. तांब्याच्या पाण्याची महती वाढण्यास ही चोरटी घाई बरीच कारण झाली असावी, असें मला वाटतें.

शरीराला जस्त लागतें हें कळण्याचा आरंभ माणसापासून झाला नाहीं. १८६९ मध्यें रोलें नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें काळ्या बुरशीला जस्तावांचून नीट वाढतां येत नाहीं असें दाखविलें. १९५५ मध्यें अमेरिकेंत डुकरांच्या कातडीवर येणाऱ्या जाड खपल्या चाऱ्यांत जस्त मिसळतांच जातात, हें टकर व सॅमन यांनीं सिद्ध केलें. मग पाळी माणसाची आली, आणि ती बिहारमधील बक्सर येथें जन्मलेल्या आनंद प्रसाद यांच्या हातून आली. १९५८ मध्यें इराणांतील शिराझ येथें त्यांनीं एकवीस वर्षांचा एक तरुण पाहिला. तो दिसण्यांत दहा वर्षांच्या पोराएवढा होता. कातडी कोरडी व खरखरीत. खाणें म्हणजे न आंबविलेली गव्हाची रोटी, आणि जोडीला माती. १९६१ मध्यें प्रसाद यांनीं अशा तरुणांची हकीकत प्रसिद्ध केली व त्यांना जस्त कमी पडत असावें असें अनुमान मांडलें; पुढें ईजिप्तमधील तपासण्यांनीं तें खरें ठरलें. धान्याच्या कोंड्यांत फायटेट नांवाचें द्रव्य असतें. तें जस्ताला धरून ठेवतें व आंतड्यांत शोषूं देत नाहीं. पीठ आंबविलें किंवा धान्याला मोड आणले म्हणजे त्याची पकड सैल होते. निव्वळ भाकरीवर राहणाऱ्या आपल्या कुणब्याच्या घरीं मोड आलेल्या मटकीचें मोल किती, हें यावरून समजावें.

तथापि कातडीच्या बाबतींत निर्विवाद पुरावा मिळाला तो लहान मुलांच्या एका दुर्मिळ रोगांत. १९४२ मध्यें नॉर्वेच्या डानबोल्ट व क्लॉस यांनीं त्याचें वर्णन केलें होतें. मूल आईच्या अंगावरचें दूध सोडतें, आणि तोंडाभोंवतीं, गुदद्वाराभोंवतीं व हातापायांच्या टोंकांवर चट्टे उठतात. केंस झडतात, हगवण थांबत नाहीं. कित्येक मुलें यांत दगावत. १९७३-७४ मध्यें लंडनच्या मॉयनाहन यांनीं जस्ताचा क्षार पोटांत दिला, आणि वर्षानुवर्षें न हटलेली कातडी थोड्या दिवसांत निवळली. औषध बंद केलें तर रोग परत येतो. आंतड्यांतून जस्त शोषून घेण्याच्या यंत्रणेंतच जन्मतः दोष असतो, हें २००२ मध्यें कळलें. आईच्या दुधांतील जस्त गाईच्या दुधांतल्याहून सहज शोषलें जातें; म्हणून अंगावर पितें तोंवर मूल तरून जाई.

तांब्याची गोष्ट अशी सरळ नाहीं. कातडीला रंग देणारें द्रव्य ज्या विकराच्या साहाय्यानें बनतें, त्यांत तांब्याचे अणु असतात हें खरें. यावरून 'तांबें कमी म्हणून रंग गेला, तांबें द्या म्हणजे रंग येईल' असा तर्क बांधला गेला. १९५५ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या ॲलन वॉल्श यांनीं प्रकाशाच्या शोषणावरून धातु मोजण्याची रीत मांडल्यावर रक्तांतील अल्प धातूंचीं मापें सोपीं झालीं. एक लिटर रक्तद्रवांत तांबें व जस्त हीं प्रत्येकीं सुमारें एक मिलिग्रॅम भरतात. कोडाच्या रोग्यांत कोणास तीं कमी आढळलीं, कोणास फरकच आढळला नाहीं. सोरायसिसमध्यें तर पुष्कळांना तांबें वाढलेलें दिसलें. पण शरीरांत कोठेंही दाह असला कीं यकृत तांबें वाहून नेणारें एक प्रथिन अधिक सोडतें, आणि रक्तांतील तांबें आपोआप चढतें. म्हणजे ही वाढ रोगाचें कारण नव्हे, रोगाची सावली होय. कोडांत शरीराची संरक्षक शक्तिच रंगपेशींचा नाश करते, असें आतां मानतात. कारागीरच मारला गेला, तेथें त्याच्या कोठारांत तांबें ओतून काय होणार?

पाण्यांत उतरणारें तांबें थोडें असतें व मोठ्या माणसाचें यकृत तें निभावून नेतें. दुधाची गोष्ट निराळी, आणि तिचा छडा लागला तो पुण्यांत. तान्ह्या मुलांचें यकृत दगडासारखें होऊन तीं दगावत; या रोगाचें वर्णन १८८७ मध्यें कलकत्त्यास झालें होतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनीं इंग्लंडच्या टॅनर यांच्यासह या मुलांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली, आणि १९८३ मध्यें असें मांडलें कीं वरचें दूध फार लवकर सुरू झालें होतें व तें तांब्यापितळेच्या भांड्यांत तापविलें किंवा ठेवलेलें होतें. कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक कळकतें हें आपल्या आज्यांना पक्कें ठाऊक होतें. गोड दूध कळकत नाहीं. म्हणून कोणास शंका आली नाहीं, आणि दुधांतील प्रथिन तांबें मुकाट्यानें ओढून घेत राहिलें. ऑस्ट्रियांतील टिरोल प्रांतांतही १९०० ते १९७४ या काळांत १३८ बालकें अशाच रोगानें गेलीं, व तेथेंही दूध तांब्याच्या भांड्यांतलेंच होतें, असें १९९६ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याच भांड्यांचा संसर्ग होऊनही सर्वच मुलें आजारी पडलीं नाहींत, तेव्हां जन्मजात कमजोरीचाही त्यांत वांटा असावा. घरोघर स्टेनलेस स्टील आलें आणि हा रोग दुर्मिळ झाला.

आतां कातडीच्या रोगांवर जस्ताच्या गोळ्या मनानें घेणारे पुष्कळ झाले आहेत. जस्त फार झालें तर तें आंतड्यांतच तांब्याची वाट अडवितें. विल्सनच्या रोगांत, जेथें तांबें सांचतें, तेथें याच गुणाचा उपयोग करतात. निरोगी माणसानें महिनोन्महिने तें घेतलें तर तांबें उणावून पंडुरोग व पायांचा बधिरपणा येऊं शकतो. नाशिक येथें १९९८ सालीं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें. राज्यांतील डॉक्टरीचीं व आयुर्वेदाचीं अशीं दोन्ही महाविद्यालयें त्याच्या छत्राखालीं आहेत. यशदभस्म दिल्यापूर्वीं रोग्याच्या रक्तांत जस्त किती होतें, दिल्यानंतर किती झालें, आणि तेवढ्यांत तांबें किती उतरलें, हें मोजावयास याहून सोयीची जागा कोणती?