स्वतः उजळणारी औषधे

शरीरात गेल्यावर रासायनिक बदल होऊन मगच कार्यक्षम होणाऱ्या औषधाला ‘प्रोड्रग’ म्हणतात. ही संज्ञा १९५८ मध्ये एड्रियन अल्बर्ट यांनी मांडली. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी संधिवातासाठी विकसित केलेले सल्फासॅलाझिन हे याचे जुने उदाहरण होय. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याच्या रेणूतील दुवा तोडतात आणि दाहशामक घटक तेथेच मोकळा होतो.

फ्लुरोसंट प्रोड्रगमध्ये औषध कौमारिनसारख्या चकाकणाऱ्या रेणूला जोडलेले असते. जोडलेल्या अवस्थेत ही चकाकी दबलेली राहील, अशी त्याची रचना अनेकदा केली जाते. विशिष्ट विकर, आम्लता किंवा प्रकाश यांमुळे दुवा तुटला, की औषध सुटते आणि रेणू उजळतो. औषध कोठे व किती सुटले, याचा अंदाज त्या उजेडावरून बांधता येतो.

नेहमीची दाहशामक गोळी मात्र रक्तावाटे शरीरभर पसरते. त्यातील धोका गोंदिया जिल्ह्याला जवळचा आहे. या जिल्ह्यासह पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. वेदनेच्या झटक्यात आयबुप्रोफेनसारखी औषधे दिली जातात. परंतु या आजारात मूत्रपिंडांना इजा होण्याचा संभव असतो आणि ही औषधे त्यांवरील ताण वाढवू शकतात.

फ्लुरोसंट दाहशामके अद्याप मुख्यतः संशोधनाच्या पातळीवर आहेत. साधा प्रकाश त्वचेखाली फार खोल जात नाही, ही त्यांची मोठी मर्यादा आहे. तोवर सिकलसेलच्या रुग्णांनी वेदनाशामके वैद्यकीय सल्ल्यानेच घेणे हिताचे ठरते.