खेळ पडद्याबाहेर, नकाशावर

व्हिडीओ गेम हा एकेकाळी चार भिंतींच्या आतला खेळ होता. त्याला घराबाहेर काढले ते ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ अर्थात वर्धित वास्तवाच्या तंत्राने. आभासी वास्तवात माणूस भोवतालापासून तुटतो. वर्धित वास्तवात समोरचे जग तसेच राहते आणि त्यावर संगणकनिर्मित प्रतिमांची भर पडते.

साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील संशोधकांनी २००० मध्ये ‘क्वेक’ हा गाजलेला खेळ ‘एआरक्वेक’ या रूपात खुल्या आवारात आणला. डोळ्यांपुढे पारदर्शक पडदा आणि पाठीवर संगणक, असा सरंजाम वागविणाऱ्या खेळाडूला खऱ्या इमारतींच्या आडून राक्षस येताना दिसत.

पुढे कॅमेरा, जीपीएस आणि होकायंत्र मोबाइलमध्येच सामावले. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात अवतरलेल्या ‘पोकेमॉन गो’ने त्याचा पुरेपूर लाभ उठविला. भारतात हा खेळ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिलायन्स जिओच्या साहाय्याने अधिकृतपणे आला. कॅमेऱ्यातील दृश्यात उभा राहणारा चिमुकला प्राणी हे त्याचे आकर्षण खरे. पण गंमत अशी, की कॅमेरा बंद ठेवूनही तो खेळता येतो. खरा पट आहे नकाशाचा.

या नकाशावरील ठिकाणे बव्हंशी ‘नायँटिक’ कंपनीच्या आधीच्या ‘इंग्रेस’ या खेळातून आली. त्याच्या खेळाडूंनी पुतळे, कारंजी, प्रार्थनास्थळे यांची छायाचित्रे धाडली होती. त्या जागांच्या चालकांना मात्र कोणी विचारले नव्हते. परिणामी वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला ‘येथे खेळू नका’ असे विनवावे लागले. हिरोशिमाच्या शांतता स्मारक उद्यानातील ठिकाणे वगळावी लागली. प्रार्थनास्थळी ‘अंडी’ दिसतात, या तक्रारीवरून गुजरात उच्च न्यायालयात २०१६ मध्येच जनहित याचिका दाखल झाली. अमेरिकेत तर अनोळखी लोक अंगणात शिरू लागल्याने घरमालक न्यायालयात गेले. तो वाद २०१९ मध्ये तडजोडीने मिटला. घराजवळचे ठिकाण हटविण्याच्या मागण्यांची तातडीने दखल घेण्याचे कंपनीने मान्य केले.

खेळाडूंनी मोबाइल फिरवून टिपलेल्या जागांच्या चित्रणाचा उपयोग यंत्रांना भूगोल शिकविण्यासाठी होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले. असे चित्रण करणे ऐच्छिक होते. पण खेळता खेळता आपण नकाशा रेखाटत आहोत, हे कितीजणांच्या ध्यानी आले असेल? २०२५ मध्ये नायँटिकने आपला खेळांचा व्यवसाय ३.५ अब्ज डॉलरना ‘स्कोपली’ला विकला. नकाशाचे तंत्रज्ञान तेवढे त्या व्यवहारातून बाजूला काढून ‘नायँटिक स्पेशियल’ या नव्या कंपनीकडे सोपविण्यात आले.